सोबत्याचा रकाना

ऑर्विल ब्रेक्केने माइकची मान धरून ती आपल्या उंचीला वाकवली, खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि न उघडताच परत खिशात ठेवला.

"माझं नाव तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "ज्यांना ठाऊक नाही ते बाहेरचे. आणि आजचा विषय तेच आहेत."

शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये हशा पिकला. शिकार आयोगाचे पाच सदस्य लांबट टेबलामागे ओळीने बसले होते आणि अध्यक्षीणबाईंच्या बरोबर डोक्यावर बास्केटची जाळी लोंबत होती, त्यामुळे त्या काहीही बोलल्या तरी गुण मिळवायलाच बसल्यासारख्या दिसत. बिटर फोर्क गावात एरवी एवढी गर्दी फक्त कुणी मेल्यावर जमते, आणि तेव्हाही जेवण चांगलं असेल तर.

प्रश्न आठ परवान्यांचा होता. गावामागच्या डोंगरावरच्या एकवीस नंबरच्या पट्ट्यात वर्षाला आठ रानमेंढे मारायची परवानगी मिळे. सहा परवाने राज्यातल्या लोकांना, दोन परराज्यातल्यांना. अर्ज करायचा, सोडतीत नंबर लागला नाही की एक पॉइंट पदरात पाडून घ्यायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. ज्याचे पॉइंट जास्त तो रांगेत पुढे. परवाना आयुष्यात एकदाच. ऑर्विलचे सत्तावीस पॉइंट झाले होते. सत्तावीस वर्षं नकार मिळवणं हीदेखील एक कमाईच असते, आणि तो ती मिरवत असे.

"सात आणि एक," ऑर्विल म्हणाला. "एवढंच मागणं आहे. सात आमचे, एक त्यांचा."

बर्क उठला. बर्ककडे अकरा घोडे होते आणि परराज्यातल्या शिकाऱ्यांना त्यांच्यावर बसवून डोंगरात नेणं हा त्याचा धंदा होता.

"डोंगर केंद्र सरकारचा आहे, ऑर्विल. न्यू जर्सीचा माणूसही त्याचा कर भरतो. तुझ्या आजोबांनी काही तो विकत घेतला नव्हता."

"डोंगर केंद्राचा, पण मेंढा राज्याचा," ऑर्विल म्हणाला. "त्याला म्हणावं, मेंढा सोड आणि डोंगराची शिकार कर. डोंगर मोठा आहे, नेम चुकायचा नाही."

पुन्हा हशा. बर्कही हसला, पण बसला नाही.

"दुसरी गोष्ट," ऑर्विल म्हणाला. "सोबत्याचा रकाना."

सत्तरी ओलांडलेल्या रहिवाशाला आपल्या अर्जात एका नातेवाइकाचं नाव सोबती म्हणून लिहिता येत असे. मेंढा एकच, पण सोबत्याला बंदूक घेऊन बरोबर जाता येई. म्हाताऱ्याचा दम तुटला तर ओझं वाहायचं, नेम हुकून जनावर जखमी झालं तर ते संपवायचं. तरतूद मायेपोटी केलेली होती, आणि मायेपोटी केलेल्या तरतुदींचं होतं तेच तिचं झालं होतं.

"गेल्या तीन वर्षांत या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना टेक्सासमध्ये अकरा पुतणे फुटले," ऑर्विल म्हणाला. "आपल्या सायमन आजोबांना तर भाऊ नव्हता. पण पुतणे दोन. काका गाडीत बसून सँडविच खातो आणि पुतण्या वर जाऊन मेंढा पाडतो. तर नियम असा करा: सोबती परराज्यातला असेल, तर अख्खा अर्ज परराज्याच्या गठ्ठ्यात. म्हाताऱ्यासकट."

"आणि तुझा केंट?" बर्क म्हणाला. "तो कुठला मग? मिनेसोटाचाच ना?"

सगळ्या माना वळल्या. केंट ब्रेक्के मागच्या रांगेत, अग्निशामक नळकांड्याखाली बसला होता. अकरा वर्षांपूर्वी खाण बंद पडली तेव्हा तो मिनेसोटात, मिनियापोलिसला गेला आणि तिथल्या एका इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायला लागला. वडिलांचा अर्ज संगणकावर भरून द्यायला तो दर एप्रिलला तेरा तास गाडी हाकत येई. आदल्याच दिवशी दुपारी स्वयंपाकघरात बसून त्याने तो भरला होता. ऑर्विल खिडकीशी उभा राहून आपला अर्जदार नंबर सांगत होता आणि शेवटी नेहमीसारखा पडद्याकडे न बघता "दे दाबून" म्हणाला होता.

ऑर्विलने मुलाकडे पाहिलं. गर्दी बघत होती. ऑर्विलसारख्या माणसाला गर्दी बघत असताना गप्प बसवत नाही.

"केंट ज्या दिवशी गेला त्या दिवशी बाहेरचा झाला," तो म्हणाला. "कॉफीच्या दुकानातला त्याचा कप मीच खुंटीवरून उतरवला. आयोगाने रक्त तपासू नये. नंबरप्लेट तपासावी."

टाळ्या अशा वाजल्या की जाळी हलली. केंटनेही दोनदा हातावर हात मारला, कारण शेजारचे त्याच्याकडे बघत होते.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "ज्यांचे अर्ज आधीच आलेत, त्यांचं काय करायचं?"

"आधी असो, नंतर असो. लबाडीला मुहूर्त लागतो का?"

"बरं. एकतीस मे संध्याकाळपर्यंत संगणकावर अर्ज दुरुस्त करता येतो. तेवढी संधी पुरेशी आहे," बाई म्हणाल्या आणि मतदान घेतलं. तीन विरुद्ध दोन. नियम याच वर्षापासून.

संध्याकाळी बापलेक स्वयंपाकघरात एल्क हरणाचा रस्सा खात बसले. ऑर्विल खुशीत होता. त्याने बर्कची नक्कल केली, मग अध्यक्षीणबाईंची, आणि मग स्वतःचीही थोडी केली.

"काल म्हणालास काहीतरी सांगायचंय, सभेनंतर सांगतो म्हणून," त्याला आठवलं.

केंट पावाने ताट पुसत होता. ते आधीच स्वच्छ होतं.

"काही नाही बाबा. तसं विशेष नव्हतं."

"मनाला लावून घेतलंस की काय? अरे, माइक हातात आला की माणूस बोलतो."

"नाही नाही. चांगलं बोललात. लोक हसले."

सकाळी केंट निघाला तेव्हा ऑर्विल गाडीपर्यंत गेला. मागच्या सीटवर ओझं पाठीवर वाहायची अ‍ॅल्युमिनियमची नवीकोरी चौकट होती, दुकानाचं लेबल अजून लोंबत होतं. मेंढा मारला की त्याचं मांस आणि डोकं अशाच चौकटीला बांधून खाली आणतात.

"हे कशाला घेतलंस? मिनेसोटात काय, बदकं वाहणार त्याच्यावर?"

"परत करायची आहे," केंट म्हणाला आणि काच वर केली.

मे महिनाभर ऑर्विल पाण्याच्या टाकीची टेकडी चढला. गुरांना चाटायला ठेवतात ती मिठाची वीट पाठपिशवीत टाकून तो रोज सकाळी निघे. वीस किलोची वीट. वर पोचला की तो दुर्बीण लावून समोरच्या कड्यावरचा एक मेंढा शोधी. त्याच्या उजव्या शिंगाचं टोक तुटलेलं होतं. ऑर्विलने त्याचं नाव पाद्री ठेवलं होतं, कारण तो सगळ्यांपेक्षा उंचावर उभा राहून काही न करता रवंथ करी. सहा वर्षं ऑर्विल त्याला बघत होता. पाद्री सप्टेंबरात कुठल्या घळीत उतरतो, वारा दक्षिणेचा असला की कुठे बसतो, हे त्याला स्वतःच्या दातांच्या दुखण्याइतकं पाठ होतं.

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन नोव्हेंबरात ठरलं होतं. त्यानंतर आठ हजार फुटांच्या वर जायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. पाद्री दहा हजारांच्या खाली येत नसे. म्हणजे शिकारीच्या हंगामाचा सप्टेंबर हा एकच महिना हातात होता, आणि हे डॉक्टरने सांगितलं तेव्हा केंट शेजारच्याच खुर्चीत बसलेला होता.

"मनासारखं झालं तुझं," रेमन पडिया त्याला म्हणे. रेमन शाळेची बस चालवी आणि ऑर्विलचा त्यातल्या त्यात मित्र होता. "सत्तावीस पॉइंट. सात परवाने. तुझं नाव वर कोरलेलंच आहे. आम्ही एकोणीस पॉइंटवाले, आम्ही आपले लोंबकळत."

"सातवा तुला लागेल. तो मीच मिळवून दिलाय, विसरू नकोस."

"विसरू कसा देशील तू."

चौदा जूनला सकाळी दहा वाजता निकाल लागतो. बिटर फोर्कमध्ये त्या दिवशी कुणी कामावर वेळेवर जात नाही. सगळे डार्लीनच्या कॉफीच्या दुकानात जमतात. भिंतीवर चौसष्ट खुंट्या आहेत आणि खुंटीगणिक गावातल्या एकेका माणसाच्या नावाचा कप. बाहेरून आलेल्याला कागदी कप मिळतो. याच्यामागे कुणाचा अपमान करायचा हेतू नाही, असं डार्लीन म्हणते, आणि अपमान झालेले सोडून सगळ्यांना ते पटतं.

दहा वाजता खिशाखिशांत फोन वाजले. रेमनने आपला उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"लागला," तो म्हणाला. आवाज चोरीचा माल दाखवावा तसा.

पाठीवर थापा पडल्या. ऑर्विलने सगळ्यात जोरात मारली. मग सवयीप्रमाणे आपला अर्जदार नंबर डार्लीनला सांगितला, कारण त्याच्या फोनवर फक्त बोलता येई. डार्लीनने गल्ल्याशेजारच्या संगणकावर तो टाकला आणि सवयीप्रमाणेच मोठ्याने वाचायला लागली.

"अर्जदार, ऑर्विल ब्रेक्के. पॉइंट सत्तावीस. सोबती, केंट ब्रेक्के, मिनेसोटा. गट..." ती थांबली.

"वाच ना."

"गट, परराज्य. निकाल, परवाना नाही."

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत राहिलं. ऑर्विलने कानामागे हात नेला, जणू ऐकू कमी आलं होतं. त्याला ऐकू उत्तम येई.

कोपऱ्यातून बर्क म्हणाला, "पुतण्या का, ऑर्विल?"

आधी एकजण फिसकला. मग दुसरा. मग सत्तावीस वर्षं ज्याच्या जिभेला घाबरून राहिली होती ती सगळी जनता हसली. त्यात वाईटपणा कमी होता आणि सुटका जास्त होती, पण हसणाऱ्याला तो फरक कळतो, ज्याला हसतात त्याला नाही.

"डार्लीन," बर्क म्हणाला, "पाहुण्यांना कागदी कप."

डार्लीन वीस वर्षं या दुकानातल्या प्रत्येक विनोदाला सामील झाली होती. तिने याही वेळी हात पुढे केला, कागदी कपात कॉफी ओतली आणि ऑर्विलसमोर ठेवली. मग तिला वाटलं की हे जरा जास्त झालं. पण तोवर ऑर्विलने कप उचलून एक घोट घेतला होता.

"बरी आहे," तो म्हणाला. "कप पातळ आहे तेवढाच."

रेमन त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत आला.

"मला ठाऊक नव्हतं रे. काय झालं काय हे?"

"संगणकाची चूक असेल."

"असेलच." रेमन पाय बदलत उभा राहिला. मग राहवेना म्हणून म्हणाला, "तो तुझा पाद्री... सप्टेंबरात कुठल्या घळीत असतो म्हणालास?"

ऑर्विलने गाडी सुरू केली.

घरी येऊन त्याने राजधानीतल्या कचेरीला फोन लावला. पाऊण तास गिटार ऐकल्यावर एक बाई आल्या. आवाज तरुण होता आणि नम्रपणा छापील.

"चूक नाहीये, मिस्टर ब्रेक्के. अर्जात सोबत्याचं नाव आहे. सतरा एप्रिलला अर्ज भरला तेव्हापासून आहे."

सतरा एप्रिल. सभेचा आदला दिवस. ऑर्विलने खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसायचं विसरला.

"सोबती परराज्यातला असला की अर्ज तिकडे जातो. नवा नियम आहे. आणि त्या गटात परवाना एकच. तो एकतीस पॉइंटवाल्याला लागलाय. खरं तर हा नियम तुमच्याच भागातून आला, असं म्हणतात."

"म्हणतात," ऑर्विल म्हणाला.

"दुरुस्तीची मुदत होती. तुमचा अर्ज नंतर दोनदा उघडलेला दिसतोय. एकदा अठ्ठावीस मेला आणि एकदा एकतीस मेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. बदल काही केलेला नाही. दोन्ही वेळा नुसता उघडून बंद केलाय."

ऑर्विलने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागे उलटून मे काढला.

"एक मार्ग आहे," बाई म्हणाल्या. "सोबत्याचं नाव तुमच्या संमतीशिवाय घातलं असेल, तर तशी तक्रार नोंदवता येते. तक्रार घेतली की तुमचा अर्ज रहिवाशांत मोजतात. सत्तावीस पॉइंट म्हणजे तुम्ही यादीत पहिले. सातव्याचा परवाना रद्द होतो."

"आणि ज्याने नाव घातलं त्याचं?"

"खोटा अर्ज हा गुन्हा आहे. खटला होतो. शिकारीला दहा वर्षं बंदी, सगळ्या राज्यांत. तक्रार निकालाच्याच दिवशी करावी लागते. कचेरी पाचला बंद. थेट माझा नंबर देऊ का?"

पेन खिडकीतल्या कपात होतं. कप पांढरा, त्यावर निळ्या अक्षरांत केंट लिहिलेलं. अकरा वर्षं त्यात स्क्रू आणि पेन्सिली राहत होत्या. ऑर्विलने त्यातलं पेन काढून नंबर लिहिला. मोठ्या आकड्यांत लिहिला. मग तो कागद टेबलाच्या मधोमध ठेवून त्याच्यावर मिठाची वीट ठेवली, वारा नसताना.

दुपारभर तो घरातल्या घरात हिंडत होता. कपाटातून बंदूक काढली, नळीतून उजेडाकडे बघितलं, परत ठेवली. पावणेपाचला फोन वाजला.

"बाबा, निकाल होता ना आज?"

"होता."

"मग? लागला?"

"नाही लागला."

मिनियापोलिसमध्ये कुठल्यातरी यंत्राची बारीक टिकटिक चालली होती. केंट इस्पितळातच असावा.

"अरेरे," केंट म्हणाला. आवाज सपाट होता. इस्पितळात अनेक वर्षं काढली की असे आवाज जमतात. "सत्तावीस असून नाही? म्हणजे आता पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"रेमनला लागला," ऑर्विल म्हणाला.

"छान झालं की. रहिवासी माणूस आहे."

ऑर्विलने खुर्ची ओढली. या वेळी बसला.

"पुढच्या वर्षीही फॉर्म मीच भरू ना?" केंटने विचारलं.

"भर की. फक्त मुदतीच्या आत एकदा उघडून बघत जा. काही राहिलं असलं तर."

टिकटिक चालू राहिली.

"बघितला होता, बाबा," केंट म्हणाला. "दोनदा बघितला."

आणि मग नेहमीप्रमाणे, "जपून राहा. गोळ्या घ्या वेळेवर," म्हणून त्याने फोन ठेवला.

घड्याळात पाचला दहा कमी होते. ऑर्विलने मिठाची वीट बाजूला सरकवली. चष्मा लावायची गरज नव्हती, आकडे मोठे होते, तरी त्याने लावला. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. बाईंनी त्याला आवाजावरून ओळखलं.

"तक्रार नोंदवायची? घेते ना. पटकन करू, म्हणजे वेळेत बसेल. अर्जदाराचं नाव आहे माझ्याकडे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव?"

"केंट ब्रेक्के."

कळफलक वाजला. "संमती नव्हती?"

"विचारलं नव्हतं त्याने."

"म्हणजे नव्हती." पुन्हा कळफलक. "तुमचं त्याच्याशी नातं?"

खिडकीबाहेर कडा उन्हात पिवळा झाला होता. एवढ्या लांबून नुसत्या डोळ्यांना मेंढा दिसत नाही, पण ऑर्विल बघत राहिला.

"मिनेसोटा," तो म्हणाला.

"ते वरच्या रकान्यात घेतलंय, मिस्टर ब्रेक्के," बाई नम्रपणे म्हणाल्या. "मी नातं विचारतेय."

पाचला चार मिनिटं कमी होती. बाई थांबल्या होत्या.